खरेदी केंद्राच्या छतावर गिटार

यंदा थंडी लांबली. वैनगंगेकडून येणारं धुकं सकाळी उशिरापर्यंत बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या खाचरांवरून, हलत नाही, आणि धुकं आहे तोवर मी काटा सुरू करत नाही. दमट हवेत धान मोजायला घेतलं की शेतकरी म्हणतो, घरून निघालो तेव्हा खडखडीत वाळलेलं होतं. ओलावा मोजणारं यंत्र वेगळंच सांगतं. मग वाद. वाद टाळायचा सोपा उपाय म्हणजे ऊन येईपर्यंत चहा पिणं. धान खरेदी केंद्रात इतकी वर्षं काढून मी जे काही शिकले, त्यात हे बऱ्यापैकी वरचं आहे.

चहा पिता पिता फोन बघते. धाकट्या भावाचा, सुधीरचा, निरोप येऊन पडलेला असतो. ‘आजच्या दिवशी’ अशीच सुरुवात. आजच्या दिवशी अमक्या मंडळींची पहिली तबकडी निघाली. आजच्या दिवशी एका वाजवणाऱ्याने भर कार्यक्रमात आपलीच गिटार आपटून फोडली. आजच्या दिवशी अमका गाणारा गेला. रॉक म्हणतात त्या संगीताचा हा इतिहास मला रोज सकाळी घरपोच मिळतो. मी वाचते, कारण वाचला नाही तर सुधीर संध्याकाळी फोन करून विचारतो. एवढं वाचून माझ्या ध्यानात आलं ते इतकंच, की या संगीतात माणसं लवकर मरतात आणि वाद्यं त्याहून लवकर.

आमच्या भागात तारखा लक्षात ठेवायची पद्धत नाही. हलकं धान कापणीला आलं तेव्हा, कापलेल्या धानाच्या कडपा शेतात पडलेल्या असताना, मंडईच्या जत्रेच्या आदल्या दिवशी, बैलांचा शंकरपट झाला त्या बुधवारी, असं बोललं जातं. आईला माझी जन्मतारीख विचारली तर ती धानाची रोवणी सांगते, आणि त्या वर्षी चिखल किती होता तेही. बाबा शिक्षक असल्यामुळे आमच्या दाखल्यांवर तारखा आल्या, नाहीतर आम्हीही रोवणीचे आणि चुरणी-मळणीचेच राहिलो असतो. घरात तारखेने जगणारा एकटा सुधीर. त्याला परदेशातल्या माणसांचे जन्मदिवस पाठ होते आणि आईची पोथी कुठल्या फडताळात असते ते माहीत नव्हतं.

मला मात्र एक तारीख आकड्यासकट लक्षात आहे. जानेवारीची तीस.

तेव्हा मी या केंद्रावर नवी होते. ब्रह्मपुरीहून वडशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. रस्त्याच्या एका अंगाला टिनाचं गोदाम, त्याला चिकटून स्लॅबची दोन खोल्यांची कचेरी, पलीकडच्या अंगाला बाबांची शाळा, आणि आमच्याच अंगाला, आवाराला लागून राईस मिल. आज शेतकऱ्याला फोनवर निरोप जातो, तुमचा नंबर अमक्या दिवशी. तो त्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन येतो आणि जेवायला घरी परत जातो. त्या काळी माणसं बैलगाडी सोडून, चूल मांडून, आपल्या पोत्यांवर झोपून नंबर धरायची. जानेवारीत केंद्राच्या आवारात एक छोटं गावच वसलेलं असे. कोणी पोत्याला टेकून दाढी करतंय, कोणी आंबट वांगं शिजवतंय, कोणाची बायको निरोप घेऊन आली आहे की गाय व्यायली, आता तरी घरी या. बारदान्याचा तो कोरडा, किंचित रॉकेलसारखा वास, त्यात नव्या धानाचा वास, आणि हवेत उडणारी धानाची बारीक कूस. संध्याकाळी अंघोळ केली तरी मानेला खाज राहायची. कोणी त्या दिवसांबद्दल हळवं होऊन बोलायला लागलं की मी त्याला खाजेची आठवण करून देते.

त्या हिवाळ्यात सुधीर नागपूरहून इंजिनियरिंग अर्धवट सोडून घरी आला. सोबत एक गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा एक खोका. तो नापास झाला नव्हता, आणि बाबांना तेच जास्त लागलं. नापास होऊन आला असता तर समजूत घालता आली असती. बाबांनी ठरवून टाकलं, जूनपासून डी.एड. सुधीरनेही ठरवलं होतं. त्याला वडशाच्या एखाद्या नाट्यमंडळात जायचं होतं.

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या भागात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, आणि ती करणारी मंडळं बहुतेक वडशाची. नाटकाला ऑर्गन लागतो, ढोलकी लागते. वाजवणाऱ्याचं पोट त्यावर चालतं. सुधीर एका मंडळाचे मालक दोनाडकर यांच्याकडे जाऊन आला होता. त्यांनी गिटार बाहेर काढू न देताच सांगितलं, “गिटार आपल्या नाटकात कोणी पाह्यली नाई. तू कुठी वाजवत असशील तं सांग. जमलं तं आयकतो.” हंगामात त्यांना जमणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

पण दोनाडकरांची शेती आमच्या शिवारात. त्यांचं धान आमच्याच काट्यावर यायचं, आणि नंबर धरून बसणं मंडळाच्या मालकालाही चुकलेलं नव्हतं. महिनाअखेरीस त्यांचा नंबर लागेल असं मी घरी सहज बोलून गेले. सुधीर जेवता जेवता थांबला.

“तीस तारखेले असतील का ते?”

“असतील. एकोणतीसला येतील, एकतीसला निघतील.”

मग त्याने मला ती छतावरची हकीकत सांगितली. विलायतेतले चौघे वाजवणारे, आपसांत फारसं पटत नव्हतं, तरी एका तीस जानेवारीला आपल्या कचेरीच्या छतावर चढले आणि भर दुपारी वाजवायला लागले. खालची माणसं रस्त्यात थांबून मान वर करून बघत राहिली. पोलीस आले. चौघांचं लोकांसमोर एकत्र वाजवणं ते शेवटचं. हे सांगताना सुधीरचा भात वाळून गेला.

“शेवटचं होतं तर तू कशाला उचलतोस?” मी विचारलं.

“ताई, छत आहे आपल्याकडे. माणसं खाली बसूनच आहेत. दोनाडकर पळून जाऊ शकत नाई. अजून काय पाह्यजे?”

हिशेब चोख होता, म्हणून मला पटला. कचेरीच्या छताची परवानगी केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांकडे मी मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि नाही म्हटल्यावर एखादी गोष्ट करणं मला जमत नाही.

बाबांना कळलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तीस तारखेले नाई.”

“काऊन?”

“हुतात्मा दिन आहे. अकरा वाजता मिलचा भोंगा होते. दोन मिनिटं उभं राहायचं असते. तू वर धिंगाणा घालशील.”

सुधीर हसला. “बाबा, तुमचे तं त्यांच्याशी किती मतभेद. घरात रोज आयकतो मी.”

“मतभेद आहेतच. ते मी उभा राहून पाळतो.” बाबांनी पेला खाली ठेवला. “आन नाटकवाल्यांत तुले जायचं नाई. तारीख कोणतीही असो.”

ते उठून बाहेर गेले. आई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “तुह्या बाबानं लग्नाच्या आधी दंडारीत पेटी वाजवली. चांगली वाजवत. पेटी याईच्या हातची चाले लोकाईले. ताट मातर आंगणात, येगळं.”

दंडार म्हणजे गावातल्या हौशी माणसांची नाटकासारखी करमणूक. बाबांनी त्यात पेटी वाजवली होती, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबा कोणाकडे जेवत नसत, एवढं मात्र आम्हाला माहीत होतं. लग्नाला जायचे, आहेर करायचे, आणि घरी येऊन भात मागायचे. आम्ही तो त्यांचा स्वभाव समजत होतो. पोट नाजूक आहे, असं मी लोकांना सांगतही असे.

सुधीर अंगणात गेला. “आता तसं नाई राह्यलं, बाबा.”

“तुले काय माहीत? तू नागपूरले राह्यला.”

मध्ये पडून मी तोडगा काढला. दहाला सुरू करायचं, भोंगा झाला की थांबायचं, मग पुन्हा सुरू करायचं. बाबा हो म्हणाले नाहीत, पण पुन्हा नाहीही म्हणाले नाहीत. आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

आता हे लिहिताना वाटतं, तिघांपैकी एकाच्या तरी डोक्यात यायला हवं होतं. खोका चालू असताना वरच्या माणसाला भोंगा ऐकू कसा येणार?

त्या सकाळीही असंच धुकं होतं. ते विरलं तेव्हा बांध्यांमधली लाखोरी, हिवाळ्यातलं डाळीचं पीक, दिसायला लागली. धान कापलेल्या ओलीवर उगवलेली, बोटभर उंचीची, दाट हिरवी. वीज होती, हे नशीब. लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवणारा राजू सुधीरच्या सोबतीला आला. दोघांनी शिडीवरून सामान वर चढवलं आणि खालून प्रश्न सुरू झाले.

“लगन कोनाचं आहे बाई?”

“वरात छतावर चढली, नवरदेव कुठी हाये?”

“काटा बिघडला असंल. वरून मोजतेत आता.”

दोनाडकर ट्रॉलीत आपल्या पोत्यांवर मफलर गुंडाळून बसले होते. त्यांनी वर पाहिलं, सुधीरला ओळखलं, आणि तंबाखू मळायला घेतला.

पहिला सूर निघाला तेव्हा बैल बिथरले. एका म्हातारबुवांनी शांतपणे सांगितलं, की कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तर असाच आवाज येतो. हमालांचा मुकादम मारोतीभाऊ काट्यापाशी पोती मोजत होता. त्याची मोजायची जुनी रीत. पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, आणि पुढचं पोतं पाठीवरून उतरेपर्यंत तोच आकडा सुरात घोळवत राहायचा, म्हणजे चूक होत नाही. गिटारीने त्याचा सूर दोनदा मोडला.

“बाई, तुह्या भावाले सांग. माही गिनती खाऊन राह्यला तो.”

मी वर सांगायला निघाले, तेवढ्यात राजूचंच लक्ष गेलं. बँडवाला माणूस, समोरच्याचे पाय कसे पडतात ते बघून वाजवायची त्याला सवय. त्याने ताशाची चाल मारोतीभाऊच्या आकड्यांवर आणली. हमाल पोतं आणतात त्या लयीत ठेका, आणि त्यावर सुधीरची गिटार. मारोतीभाऊने एकदा वर बघितलं आणि पुढचा आकडा जरा जोरात घोळवला. पोती भराभर उतरायला लागली. त्या तासाभरात आमचं काम नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त झालं, हे मी त्या दिवसाच्या बाजूने नोंदवून ठेवते.

मी दोनाडकरांपाशी गेले. “ऐकून राहिलात ना भाऊ?”

“कान उघडेच आहेत बाई. दुसरा इलाज कुठी आहे?”

त्यांची ट्रॉली मिलच्या भिंतीजवळ होती म्हणून मला भोंगा ऐकू आला, तोही अर्धवट. मी शाळेकडे बघितलं. रस्त्याकडेला पोरांच्या रांगा उभ्या होत्या आणि पुढे बाबा, हात अंगालगत, मान खाली. आवारातल्या माणसांनीही तिकडे बघितलं. पंचक्रोशीतले निम्मेअधिक शेतकरी बाबांच्या हाताखालून गेलेले. गुरुजी उभे आहेत म्हटल्यावर बसून राहणं त्यांच्या हाडात नव्हतं. पोत्यांवर लोळलेली माणसं उठली. दाढी करणारा अर्ध्या फेसासकट उठला. मारोतीभाऊ आकडा तोंडात धरून थांबला. एका हमालाच्या पाठीवर पोतं होतं, तो ते तसंच घेऊन उभा राहिला. दोनाडकर ट्रॉलीत उभे राहिले, मफलर काढून.

सुधीरने वरून पाहिलं तर सगळं आवार उभं.

नंतर तो मला म्हणाला, “ताई, मले वाटलं, जितलो.” तो छताच्या अगदी काठाशी आला. तिथून त्याने जे वाजवलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पातळ, उंच, लांब जाणारा एक आवाज, लाखोरीवरून पार नदीपर्यंत. मला संगीतातलं काही कळत नाही. पण त्याने आयुष्यात चांगलं जे काही वाजवलं असेल, त्यात ते असावं. आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं असणार, की एकही माणूस वर बघत नाही. त्या विलायती छताखाली माणसं माना वर करून उभी होती. इथे सगळ्यांच्या माना खाली होत्या.

त्याने तारांवर पंजा ठेवला. राजूचा एक ठोका जास्त पडला आणि तोही थांबला.

मग फक्त खोक्याची घुं घुं उरली. एका फाटक्या पोत्यातून धान गळत होतं, त्याचा आवाज येत होता. चिमण्यांना हुतात्मा दिन नव्हता. त्या टिपत होत्या. इतकी माणसं इतकी गप्प मी त्या आवारात ना कधी आधी पाहिली ना नंतर. बाबांनी शेवटपर्यंत मान वर केली नाही.

भोंगा पुन्हा झाला. मारोतीभाऊने तोंडात धरून ठेवलेला आकडा सोडला आणि पुढे मोजायला लागला. सुधीर मात्र शिडीवरून खाली आला.

“आता वाजव की,” मी म्हटलं.

“संपलं, ताई. मी वाजवतच राह्यलो. बाबासमोर.” त्याचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला होता. “जूनपासून डी.एड.”

दोनाडकरांनी ट्रॉलीतून हाक मारली. “ए गिटार, इकडे ये.”

सुधीर गेला. मीही गेले, काटा माझा, आवार माझं.

“वाजवलं ते मले काई समजलं नाई,” ते म्हणाले. “पण थांबला कसा तू?”

“खाली पाह्यलं, भाऊ.”

“हे बरं आहे. आमचा ऑर्गनवाला खाली पाहतच नाई. नायिका मरून पडली तरी याचे दोन सूर बाकीच असतेत. ते बिचारी मेल्यावर वाट पाहते.” त्यांनी तंबाखूची चिमूट खाली टाकली. “होळीपावतर ये. मग पाहू. आन तो ताशावाला कोण आहे, त्यालेही घेऊन ये.”

सुधीरला पुढे मोठं नाव मिळालं असं काही झालं नाही. तो आजही वडशालाच असतो, आता की-बोर्ड वाजवतो, पोट सुटलं आहे, गुडघे दुखतात. मंडळं बदलली, मालक बदलले. हंगाम संपला की पुढच्या दिवाळीपर्यंत त्याचं डोकं फिरलेलं असतं आणि वहिनी मला फोन करते. मी तिला सांगते, चिडू दे, कापणी आली की वळणावर येतो. तसंच होतं. ज्यांची गाणी त्याने आयुष्यभर ऐकली त्यांच्यातले कितीतरी सत्ताविसाव्या वर्षीच गेले, असं तो सांगतो; तो पन्नाशीकडे झुकला आहे आणि रात्रीच्या प्रयोगाला घरून पोळीचा डबा नेतो. मला हा इतिहास जास्त बरा वाटतो.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं आहे.

दुपार व्हायच्या आत दोनाडकरांचा नंबर आला. मी पोत्यात परखी खुपसली, दाणे काढले, यंत्रात टाकले. ओलावा जास्त. दुसऱ्या पोत्यातले काढले. तेच. सुधीर शेजारीच उभा होता. त्याने यंत्रावरचा आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

“ताई,” तो हळूच म्हणाला.

“वाळवून आणा, भाऊ,” मी दोनाडकरांना म्हटलं.

“बाई, तुह्या भावाले आत्ताच काम देलं मी.”

“ते तुमच्या मंडळाचं. हे संस्थेचं आहे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. दिलेलं काम ते तिथल्या तिथे परत घेऊ शकत होते, आणि घेतलं असतं तरी मी ते धान घेतलं नसतं. ओलं धान गोदामात तापतं, बुरशी धरतं, शेजारची थप्पीही घालवतं. नातेवाइकांसाठी ते थांबत नाही.

“काय पाहून राह्यला रे,” दोनाडकर सुधीरला म्हणाले, “पोते खाली घे. पसरव.”

मंडळातलं सुधीरचं पहिलं काम म्हणजे मालकाचं धान उन्हात पसरवणं. गिटार छतावरच राहिली. त्याने आणि राजूने आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्री अंथरली, पोती सोडली, आणि अनवाणी पायांनी धानात ओळी काढत फिरायला लागले. पायाने धान पालटायचं म्हणजे पाऊल उचलायचं नाही, ओढायचं. सुधीरला ते येत नव्हतं. दोनाडकर डबा उघडून बसले आणि बसल्या जागेवरून सांगत राहिले.

मधली सुट्टी झाली तसे बाबा रस्ता ओलांडून आले. मला वाटलं, सकाळचं काहीतरी बोलतील. ते सुधीरजवळ गेलेच नाहीत. ताडपत्रीच्या कडेला उभे राहिले.

दोनाडकर अर्धवट उठले. “गुरुजी, पोरगं नेतो होळीपावतर. चालते ना?”

बाबांनी एकच विचारलं. “जेवणाचं कसं असते?”

दोनाडकर घास गिळायला थांबले. प्रश्न कशाबद्दल आहे हे त्यांना समजलं की नाही, कोण जाणे. समजलं असावं, ते याच भागातले होते आणि बाबांच्याच वयाचे. “ज्या गावात नाटक, त्या गावात जेवण,” ते म्हणाले. “एकच ओळ असते. नायिका, ढोलकीवाला, पडदे वढणारा, सारे तिथी. मीही तिथीच.”

सुधीर धानात उभा होता, पाय न हलवता.

दोनाडकरांनी डब्याच्या झाकणात भात काढला, वर लाखोरीची डाळ वाढली, टमाट्याची चटणी ठेवली. झाकण ताडपत्रीच्या कडेने पुढे सरकवलं. “आजचं इथी आहे, गुरुजी. थंड होते.”

बाबांनी चपला काढल्या, धानाला लागणार नाहीत अशा बाजूला ठेवल्या, आणि खाली बसले. शर्टाची बाही मागे सारली. सुधीर आणि राजू हात धुऊन आले आणि त्यांच्या शेजारी टेकले.

मी यंत्र घेऊन गेले, पसरलेल्या धानातले मूठभर दाणे उचलले आणि पुन्हा मोजले. ओलावा उतरत होता, पण अजून बराच होता. दुपारभर ऊन लागणार होतं. मी त्यांना म्हटलं, घाई नाही, सावकाश जेवा.